हौशी पिक-अप गाडीचें बाह्यांग आणि आपला शेतकरी

गेल्या कांहीं वर्षांत पेण व रोहें या दोन तालुक्यांतून मोठे रस्ते व कारखाने यांकरितां बऱ्याच जमिनी गेल्या, आणि ज्यांच्या हातीं मोबदला आला त्या कुटुंबांत एक प्रश्न हटकून निघूं लागला आहे. घरांतील तरुण मुलगा म्हणतो, गाडी घ्यावयाचीच आहे, तर शेताच्या उपयोगीं पडेल आणि लग्नकार्यास नेली तरी मान राखील अशीच कां घेऊं नये? वडील मंडळींस यांतलें पहिलें कारण पटतें, दुसरें मनांतून आवडतें, आणि किंमत ऐकून झोंप उडते. अशा गाडीस बाजारांत ‘लाइफस्टाइल पिक-अप’ म्हणतात. आम्ही तिला हौशी पिक-अप म्हणूं. पुढें चार किंवा पांच माणसांची मोटारीसारखी केबिन, मागें उघडा हौदा, उंच चाकें आणि भारदस्त तोंडवळा, असें तिचें रूप असतें.

आम्हीं आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत घालविलें, यंत्रशाळेंत नव्हे. तेव्हां इंजिनाच्या पोटांत शिरण्याचा आव आम्ही आणीत नाहीं. परंतु गाडी विकली जाते ती बहुतेक तिच्या बाह्यांगावर, आणि बाह्यांग हें मापपट्टीनें मोजतां येतें, हातानें चाचपतां येतें व कागदाशीं ताडून पाहतां येतें. एवढें काम आम्हांस येतें. एकदां गेलेली जमीन परत येत नाहीं, आणि तिच्या मोबदल्याची गाडी दारांत उभी राहिल्या दिवसापासून किमतीनें उतरूं लागते. म्हणून ही मोजणी दुकानांत सही करण्यापूर्वींच व्हावी, असें आमचें म्हणणें आहे.

जुन्या काळीं सधन शेतकऱ्याच्या दारीं दोन गाड्या असत. भात, पेंढा, शेणखत वाहण्याचा खटारा निराळा, आणि बायकामुलांस माहेरीं किंवा जत्रेस नेण्याची दमणी निराळी. खटाऱ्यास रंगरंगोटी नसे, त्याचा कणा व साटा पाहत. दमणीस छत, पडदे, घुंगुरमाळा, कोठें पितळेचें काम. शेणखत दमणींतून कोणी वाहत नसे व नवरीस खटाऱ्यांतून कोणी नेत नसे. हौशी पिक-अप म्हणजे हीं दोन्ही वाहनें एकाच चासीवर बसविण्याचा प्रयत्न होय. म्हणून तिच्या अंगावरील प्रत्येक भागास एकच प्रश्न विचारावा : तूं खटाऱ्याचा कीं दमणीचा? दमणीचा असण्यांत पाप नाहीं, पण मग त्याची किंमत शेतीखातीं लिहूं नये.

ही कल्पना सुमारें शंभर वर्षांची आहे. अमेरिकेंतील शेतकरी फोर्ड कंपनीची मोटार घेऊन तिच्या मागच्या भागांत लांकडी पेटी बसवीत. तें पाहून फोर्डनें एप्रिल १९२५ मध्यें आपल्या ‘मॉडेल टी’ गाडीस कारखान्यांतच पोलादी हौदा बसवून ती विक्रीस काढली. किंमत २८१ डॉलर. हौदा सुमारें ५६ इंच लांब, ४० इंच रुंद व १३ इंच खोल, मागें उघडणारा फाळका, कडांवर खुंट रोंवण्यास चार खोबणी, आणि खालीं जाड पाटे. याखेरीज शोभेचें असें त्या हौद्यावर कांहीं नव्हतें. वाचकांनीं हीं मापें लक्षांत ठेवावीं, पुढें त्यांचें काम पडणार आहे.

त्यानंतर तीस वर्षें हौदा हौद्यासारखाच दिसे. मागच्या चाकांचीं मडगार्डें त्याच्या बाहेर फुगलेलीं असत आणि त्यांच्यापुढें पाय ठेवण्याची पट्टी असे. १९५५ सालीं शेव्हरोलेट कंपनीनें ‘कॅमिओ कॅरियर’ नांवाची गाडी आणली. तिचा आंतला हौदा पूर्वीचाच होता. फक्त त्यास बाहेरून फायबरग्लासचीं गुळगुळीत कवचें लावून बाजू केबिनीशीं सपाट केली होती. माल एक शेरहि अधिक मावत नव्हता, पण गाडी मोटारीसारखी दिसूं लागली. ती महाग पडली, फारशी खपली नाहीं आणि १९५८ त बंद झाली. तथापि कामाच्या गाडीस सभ्य अंगरखा घातला तर शहरचा गिऱ्हाईकहि वळतो, हा धडा सर्व कारखानदारांनीं घेतला. जपानांत टोयोटानें १९६८ त काढलेल्या पिक-अपचें नांवच ‘हाय’ आणि ‘लक्झरी’ या शब्दांच्या जोडणीनें ‘हायलक्स’ असें ठेविलें.

आपल्या बाजूस हा प्रवाह उशिरां आला. महिंद्रांनीं मुंबईंत माझगांव येथें १९४७ च्या सुमारास विलिस जीप जोडण्यास आरंभ केला, आणि टेल्कोनें १९८८ त टाटामोबाईल काढली. या दोन्ही सरळ कामाच्या गाड्या. टाटांची झेनॉन व महिंद्रांची स्कॉर्पिओ गेटअवे यांनीं हौशीचा दरवाजा किलकिला केला. मग २०१६ त इसुझू कंपनीनें आंध्र प्रदेशांतील श्रीसिटी येथें कारखाना सुरू करून डी-मॅक्स व्ही-क्रॉस विक्रीस आणली, आणि २०२२ त टोयोटाची हायलक्स कर्नाटकांतील बिडदीहून आली. नोंदणी व विमा सोडून पहिलीची त्या वेळची आरंभींची किंमत साडेबारा लाखांच्या आसपास, तर दुसरीची चौतीस लाखांच्या आसपास होती. पुढील विवेचनांत आमच्या डोळ्यांपुढें मुख्यतः याच दोन गाड्या आहेत.

दुकानदार गिऱ्हाईकास गाडीच्या तोंडाकडून फिरवूं लागतो. आम्ही मागून आरंभ करूं, कारण शेतकऱ्याचें काम मागें आहे.

चार दारांच्या या गाड्यांचा हौदा सुमारें पांच फूट लांब, पांच फूट रुंद व दीड फूट खोल असतो. १९२५ चा हौदा चार फूट आठ इंच लांब होता. म्हणजे शंभर वर्षांत गाडीची एकंदर लांबी वाढत वाढत सुमारें ५.३ मीटर, साडेसतरा फूट झाली, परंतु हौद्याची लांबी चार बोटांनींच पुढें सरकली. बाकी सर्व लांबी केबिनीनें व तोंडानें खाल्ली. पांच फुटांची रुंदी हीसुद्धां पूर्ण उपयोगाची नव्हे. मागच्या चाकांचे उंचवटे दोहों बाजूंनीं हौद्यांत शिरलेले असतात आणि त्यांच्यामध्यें तळाची सपाट जागा साडेतीन फुटांच्या आसपास उरते. भाजीच्या किंवा आंब्याच्या ज्या प्लॅस्टिक क्रेटा आपण वापरतों त्यांतील ५४ सेंटिमीटर लांब व ३६ सेंटिमीटर रुंद अशा मापाच्या क्रेटा घेतल्यास, आमच्या हिशेबानें तळाच्या थरांत आठ बसतात. दुसरा थर रचला कीं तो कडेच्या वर डोकावूं लागतो. सोळा क्रेटांवर दोर आवळून पेणच्या बाजारास जातां येईल, पण हंगामांतील सबंध बागेचा माल एका खेपेंत वाशीस पोंचवूं म्हणाल तर तें या हौद्याचें काम नव्हे. पेंढ्याविषयीं बोलावयासच नको.

जागेपेक्षां वजनाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि येथें अनेक शहाणे लोक फसतात. गाडी दिसते हत्तीसारखी, म्हणून ती हत्तीइतका भार नेईल असें वाटतें. नोंदणीपुस्तकांत दोन आंकडे असतात : रिकाम्या गाडीचें वजन आणि भारासह एकूण कमाल वजन. दुसऱ्यांतून पहिला वजा करावा. येईल त्यांत माणसें व माल दोन्ही आलीं. समजा बाकी ७०० किलो आली आणि गाडींत पांच माणसें बसलीं, तर सरासरी ६५ किलो धरून ३२५ किलो माणसांचेच झाले. उरले ३७५, म्हणजे जुन्या मापानें दहा मण भात. उलट महिंद्रांच्या साध्या बोलेरो पिक-अपच्या नमुन्यांच्या नांवांतच १.३ टन, १.७ टन असा भार सांगितलेला असतो, आणि त्यांची किंमत हौशी गाडीच्या मानानें पुष्कळच कमी असते. हौशी गाडीचे मागचे पाटे प्रवाशांस हिसके बसूं नयेत म्हणून बहुधा मऊ ठेवितात. कामाच्या गाडीचे पाटे रिकाम्या गाडींत हाडें मोकळीं करतात, पण पोतीं चढलीं कीं शांत होतात. म्हणून खटारा कीं दमणी या प्रश्नाचें उत्तर सर्वांआधीं या पाट्यांशीं मिळतें. खालीं वांकून ते मोजावे. दुकानांत वांकण्याची लाज धरूं नये.

फाळका उघडून त्यावर बसून पाहावें. तो पूर्ण आडवा होऊन सांखळीवर किंवा पट्टीवर स्थिर राहतो काय, त्याची कडी एका हातानें लागते काय, आणि त्याची उंची जमिनीपासून किती आहे, हें पाहणें अगत्याचें आहे. चाकें उंच म्हणजे फाळकाहि उंच. उंच गाडी मर्दानी दिसते खरी, पण भाताचें पोतें छातीपर्यंत उचलून चढविणाऱ्या गड्यास तिच्या मर्दानीपणाचें कौतुक राहत नाहीं. हौद्याच्या आंत दोर बांधण्याच्या कड्या किती व कोठें आहेत हें मोजावें. बाहेरील बाजूस कड्या नसल्यास ताडपत्री नीट आवळतां येत नाहीं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबरपर्यंत ताडपत्रीवांचून माल नेणें म्हणजे तो भिजविणेंच होय. रंगीत हौद्यास प्लॅस्टिकचें अस्तर घालतात. तें असावें, परंतु तें काढतां येण्याजोगें असावें. अस्तर व पत्रा यांच्यामध्यें माती आणि पाणी सांचलें तर वरून सर्व ठीक दिसत असतां खालून पत्रा खाऊन जातो. अस्तराखालीं पाणी जाण्याचीं भोकें आहेत कीं नाहींत, हें बादलीभर पाणी ओतून पाहतां येतें.

केबिनीच्या मागें हौद्यावर नळ्यांची चकचकीत कमान बसविलेली असते. गाडी उलटल्यास ती माणसांस वांचवील असा समज आहे. कमान चासीस किंवा हौद्याच्या मजबूत भागास जाड बोल्टांनीं जखडली असेल तर तिच्यास शिडी, वासे, पाईप टेकवितां येतात एवढा उपयोग खरा. नुसत्या पत्र्यावर चार स्क्रूंनीं बसविलेली कमान ही घुंगुरमाळ समजावी.

आतां तोंडाकडे येऊं. या गाड्यांचें मुख रुंद व उभें असतें, आणि मध्यें मोठी जाळी. जाळीचें मूळ काम रेडिएटरला वारा देणें. प्रत्यक्षांत हौशी गाडीच्या जाळीचा बराचसा भाग बंद असून वाऱ्याकरितां थोड्याच फटी उघड्या असतात. बाकीचा विस्तार चेहऱ्याकरितां. हायलक्सची जाळी वर अरुंद व खालीं रुंद अशा समलंब चौकोनाची असून भोंवतीं क्रोमची जाड महिरप आहे, तशीच चकाकी दारांच्या मुठींस व आरशांस दिलेली असते.

क्रोमविषयीं आपल्या तालुक्यांच्या दृष्टीनें जरा विस्तारानें लिहिणें अवश्य आहे. चकाकी देणारा क्रोमियमचा थर अत्यंत पातळ असतो. गंजापासून रक्षण करितो तो त्याखालचा निकेलचा थर. क्रोमच्या थरांत डोळ्यांस न दिसणाऱ्या भेगा असतात. खाऱ्या हवेंतील मिठाचा अंश त्यांतून आंत शिरतो आणि खालीं पोलाद असेल तर तांबूस ठिपके उठतात. आंतला गाभा प्लॅस्टिकचा असेल तर गंज येत नाहीं, पण कालांतरानें थराचे पापुद्रे सुटतात. पेणच्या पश्चिमेस धरमतरची खाडी, रोह्याच्या खालीं कुंडलिकेची खाडी, दोहोंकडे खारबंदिस्तीचीं शेतें, आणि वर्षास तीन हजार मिलिमीटरच्या घरांत पाऊस. क्रोमचे हाल करण्यास याहून चांगली जागा शोधून सांपडणार नाहीं. पंजाबच्या कोरड्या हवेंत जी महिरप दहा वर्षें टिकेल ती हमरापूर-वाशी भागांत तितकी टिकेल अशी आशा धरूं नये. म्हणून एकाच गाडीचे दोन नमुने असतील तर कमी क्रोमचा, काळ्या प्लॅस्टिकच्या कडांचा नमुना घेणें शहाणपणाचें. तो स्वस्तहि असतो. लोहचुंबक सोबत न्यावें. पायरीच्या किंवा कमानीच्या चकचकीत नळीस तें घट्ट चिकटलें तर आंत साधें पोलाद असण्याचा संभव अधिक, आणि त्या नळीकडे दर पावसाळ्यांत लक्ष द्यावें लागेल असें समजावें.

उंच व उभ्या तोंडाचा दुसरा दोष सौंदर्याचा नसून जिवाचा आहे. बोनेटची कड जितकी वर तितकी गाडीपुढची जमीन चालकास दिसेनाशी होते. अंगणांत खेळणारें मूल किंवा बांधलेलें वासरूं त्या आंधळ्या पट्ट्यांत सहज लपतें. अमेरिकेंतील वाहन-विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेनें २०२३ त प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, ज्या गाड्यांच्या बोनेटची पुढील कड ४० इंचांहून उंच आहे त्यांची धडक, ३० इंच किंवा कमी उंचीच्या उतरत्या बोनेटच्या गाड्यांपेक्षां, पायीं चालणाऱ्यास सुमारें ४५ टक्क्यांनीं अधिक प्राणघातक ठरते. कारण उघड आहे. बुटकें बोनेट पायांस लागून माणूस त्यावर पडतो, उंच बोनेट थेट छातीस किंवा डोक्यास लागतें. आपल्या घरांपुढें खळें, वाट व अंगण एकच असतात. म्हणून चालकाच्या जागीं बसून, घरांतील लहानांत लहान चालत्या मुलाच्या उंचीची काठी पुढें कोणास तरी धरावयास सांगून, ती किती दूर गेल्यावर दिसूं लागते हें पाहावें. पुढें कॅमेरा असेल तर तो अशा गाडीवरील उपयुक्त अलंकार समजावा.

तोंडापुढें जाड नळ्यांचें कुंपण लावून घेण्याची आपल्या तरुणांस भारी हौस. हें कुंपण लावूं नये. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानें डिसेंबर २०१७ मध्यें राज्यांस पत्र पाठवून मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ अन्वयें अशीं कुंपणें बेकायदा असल्याचें कळविलें आहे. शिवाय धडकेचा धक्का मुद्दाम चुरगळण्याकरितां केलेल्या भागावर न येतां थेट चासीवर येतो, आणि हवेच्या पिशव्या फुगविणाऱ्या यंत्रास धडकेचें मान नीट कळत नाहीं. म्हणजे पैसे देऊन आपण आपलें रक्षण कमी करून घेतों. हेंच कलम मूळ मापाबाहेरचीं मोठीं चाकें, उंचाविलेली चासी व बदललेला सांगाडा यांसहि लागतें.

बाजूंस येतां प्रथम दिसते ती पायरी. ती दमणीची वाटली तरी घरांतील वृद्धांसाठीं खटाऱ्याइतकी आवश्यक आहे. लुगडें नेसलेल्या आजीबाईंस पायरीवांचून या गाडींत चढतां येत नाहीं. पायरीचा माथा खरबरीत असावा, गोल गुळगुळीत नळी चिखलाच्या पायास घात करते. मात्र पायरी लोंबती असेल तर चढावरील उंचवट्यास ती घासते, हेंहि पाहावें. चाकांच्या कमानींवर काळ्या प्लॅस्टिकचीं रुंद कडीं असतात. दगडगोटे व कांटे यांपासून रंग वांचविणें हें त्यांचें खरें काम, आणि तें तीं चांगलें करतात. त्यांच्या आंतल्या बाजूस चिखल साठतो एवढाच दोष. चिखलरोधक रबरी पडदे पुष्कळ नमुन्यांस आंखूड असतात. तेवढे वेगळे लावून घेणें कमी खर्चाचें व फार उपयोगाचें.

चाकांवर जो आंकडा छापलेला असतो तो वाचण्यास शिकावें. उदाहरणार्थ २६५/६०, १८ असें असेल तर टायर २६५ मिलिमीटर रुंद, त्याच्या बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के म्हणजे १५९ मिलिमीटर, आणि आंतील रिम १८ इंचांची. रिमच्या मानानें बाजूची उंची जितकी अधिक तितकें रबर दगडाचा धक्का स्वतः सोसतें. हौशी गाडीची रिम मिश्रधातूची, नक्षीदार. ती हलकी असते, दिसते छान, पण खड्ड्याच्या धारदार कडेवर आदळली तर तडकण्याची भीति. पोलादी रिम वांकते, आणि वांकलेली रिम गांवचा कारागीर बहुधा ठोकून सरळ करूं शकतो. मुंबई-गोवा महामार्गाचें चौपदरीकरण २०११ पासून चाललें आणि त्या काळांत पळस्पे ते इंदापूर या भागांत वाहनचालकांनीं जें सोसलें तें पाहिल्यावर हा भेद पुस्तकी राहत नाहीं. स्टेपनीचें चाक त्याच मापाचें आहे काय व तें हौद्याखालून काढण्याची कळ चिखलांत फिरते काय, हेंहि विचारावें.

आतां गाडीच्या अंगाचा पसारा. रुंदी सुमारें १.८६ मीटर, आरसे धरून दोन मीटरांच्या वर. वळण घेण्यास सव्वासहा ते साडेसहा मीटरांची त्रिज्या लागते, म्हणजे एका दमांत फिरविण्यास बेचाळीस फुटांच्या आसपास व्यासाचें खळें पाहिजे. पेणच्या जुन्या आळ्यांतून गणपतीच्या दिवसांत, मूर्तींच्या गाड्यांची रीघ लागलेली असतां, या मापाची गाडी आंत घातली तर बाहेर काढणें हा अर्ध्या दिवसाचा उद्योग आहे. शेताकडील वाटेचा विचार तर आधीं करावा. पुष्कळांच्या शेतास जाणारी वाट गांवनकाशावर पाऊलवाट आहे, गाडीवाट नाहीं. वाट नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खालीं बांधावरून रस्त्याचा हक्क तहसीलदारांकडे मागतां येतो, आणि २०२५ त महसूल खात्यानें शेतरस्ता शक्यतों तीन ते चार मीटर रुंद ठेवून त्याची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत घेण्याचें ठरविलें आहे. तरी अर्जाचा निकाल होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणि शेत पलीकडे, अशी स्थिति राहते. आमच्या मतें ज्यास असा रस्ता नाहीं त्यानें प्रथम रस्त्याचा अर्ज करावा व मग गाडीचा. खारबंदिस्तीच्या मातीच्या बांधावर तर ही गाडी कदापि घालूं नये. रिकामी असतांच तिचें वजन दोन टनांच्या घरांत असतें. बांध खचला व उधाणाचें पाणी आंत शिरलें तर एकट्याचें नव्हे, साऱ्या खारीचें पीक जातें, आणि जमीन पुन्हां गोडी होण्यास वर्षें लागतात.

पाण्याविषयीं जाहिरातींत जें सांगतात तें समजून घ्यावें. हायलक्स ७०० मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन फुटांवर थोडें इतक्या पाण्यांतून जाऊं शकते असें कंपनी सांगते. हवा घेण्याचें तोंड उंच ठेविल्यानें व तारांचे सांधे बंद केल्यानें हें साधतें. परंतु अशी मर्यादा उथळ, संथ पाण्याकरितां व मंद गतीकरितां असते. वाहत्या पाण्याचा नियम निराळा. दोन फूट वाहतें पाणी पिक-अपसकट बहुतेक मोटारी उचलून नेऊं शकतें, कारण गाडीचें बंद अंग नावेसारखें तरंगूं लागतें, चाकांची जमिनीवरील पकड सुटते आणि प्रवाह बाजूनें लोटतो. रुंद टायर या कामीं उलट तरंगण्यासच मदत करतात. जुलै १९८९ मध्यें अंबेच्या पुरानें जांभूळपाडा व नागोठणें येथें काय केलें हें आमच्या पिढीनें पाहिलें आहे. फरशीवरून पाणी वाहूं लागलें म्हणजे साधी गाडी व हौशी गाडी दोन्ही एकाच कांठावर थांबाव्या. केबिनीच्या कडेनें वर गेलेलें हवेचें नळकांडें बाहेरून लावून मिळतें. त्यानें इंजिनाच्या नाकांत पाणी जाणें टळतें, गाडी जड होत नाहीं.

दिव्यांविषयीं थोडें. एल.ई.डी. दिवे वीज कमी खातात व पुष्कळ टिकतात, पण फुटल्यास नुसता दिवा न बदलतां सबंध पेटीच बदलावी लागते, तिची किंमत आधीं विचारून ठेवावी. छपरावर आडवी दिव्यांची पट्टी लावणारे लोक समोरून येणाऱ्या बैलगाडीवाल्यास आंधळा करतात. कांचांवर काळा कागद चिकटविण्यास सर्वोच्च न्यायालयानें २०१२ त मनाई केली आहे. रंग पांढरा घ्यावा : उन्हांत कमी तापतो, ओरखडा कमी दिसतो, दुरुस्तीचा रंग सहज जुळतो.

नोंदणी आपल्या पेण येथील परिवहन कार्यालयांत होऊन एम.एच. ०६ हा क्रमांक मिळतो. गाडी खासगी वर्गांत नोंदली तर पाटी पांढरी, मालवाहू वर्गांत नोंदली तर पिवळी. कोणत्या वर्गांत नोंद होणार, कर किती व विमा कोणत्या प्रकारचा, हें विक्रेत्याकडून लेखी घ्यावें. खासगी पाटीच्या गाडींतून शेजाऱ्याचा माल भाडें घेऊन नेला आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करील. हौद्यावर टप बसवावयाचा असल्यास तोहि नोंदणीपूर्वींच ठरवून कागदावर आणावा.

ही गाडी कोणीं घ्यावी, असें आम्हांस विचारतील. ज्याचा माल थोडा पण मोलाचा आहे, उदाहरणार्थ रोपवाटिकेचीं कलमें, निवडक आंबा किंवा लहान मूर्ती, ज्यास माणसें व माल एकाच वेळीं न्यावीं लागतात, आणि ज्याच्या शेतापर्यंत रस्ता आहे, त्यास ती शोभेल व उपयोगीं पडेल. पांच-सात एकर भात आणि मागाहून वाल-हरभरा करणाऱ्या कुटुंबास वर्षांतून थोडेच दिवस मालवाहतुकीचे येतात. त्या दिवसांपुरता भाड्याचा टेंपो करून उरलेल्या रकमेंत बांध, विहीर, पंप हीं कामें पुरीं होतात. चारसहा जणांनीं मिळून साधी कामाची पिक-अप घेतली तर तीहि परवडते, मात्र गाडी एकाच्या नांवें असते तेव्हां खर्चाचा करार मुद्रांकावर करून ठेवावा. तोंडी भागीदारीचे तंटे आम्हीं कचेरींत पुष्कळ पाहिले.

ज्यांनीं गाडी आधींच घेतली आहे त्यांनीं पावसाळ्यांत आठवड्यास एकदां व खाडीकडे जाऊन आल्यावर त्याच दिवशीं ती गोड्या पाण्यानें खालून धुवावी. वरून धुण्यापेक्षां खालून धुणें महत्त्वाचें : चाकांच्या कमानींची आंतील बाजू, पाट्यांच्या फटी, हौद्याचा तळ. ज्यांना घ्यावयाची आहे त्यांनीं पाहणीस जातांना मापपट्टी, लोहचुंबक, दोराचा एक वेढा आणि आपली नेहमींची एक रिकामी क्रेट बरोबर न्यावी. क्रेट हौद्यांत ठेवूं देण्यास विक्रेता नाखूष दिसला तर दुसऱ्या दुकानीं जावें, आणि चाचणीची फेरी डांबरी रस्त्यावर न घेतां निदान मैलभर तरी आपल्या गांवच्या कच्च्या वाटेवर मागावी.